वाचलेला पैसा कोणाचा?

काटकसरीला कोणी दुर्गुण म्हणत नाही. लहानपणी आमच्या घरी साबणाची झिजलेली वडी नव्या वडीला चिकटवली जाई, आणि एका बाजूने कोरे असलेले कागद शिवून त्यांची कच्ची वही केली जाई. संपलेल्या शाईच्या दौतीत चमचाभर पाणी घालून तीत आणखी दोन दिवस टाक बुडवणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या हाताखाली आम्ही वाढलो. म्हणून पैसा वाचवणारा मनुष्य हा चांगलाच मनुष्य असतो, असे आम्ही गृहीत धरून चाललो होतो. तथापि घरच्या प्रिंटरच्या शाईवरून आमच्यापुढे एक प्रश्न असा उभा राहिला की, ते गृहीत पुन्हा तपासून पाहणे भाग पडले. तो अनुभव वाचकांपुढे, विशेषतः शब्बाथ शाळेच्या शिक्षकांपुढे, जसा घडला तसा ठेवीत आहोत.

आमच्या बेळगावच्या मंडळीत शब्बाथ शाळेचे मराठी व कानडी असे वेगळे वर्ग भरतात. मराठी मुलांना देण्याजोगे चित्रांचे, कोड्यांचे व पाठांचे कागद आम्हांला येथे हवे तसे तयार मिळत नाहीत. म्हणून ते आम्हीच तयार करतो. पूर्वी हे काम स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाईलवर होत असे, आता घरच्या प्रिंटरवर होते. महिन्याला दीडशेच्या आसपास पाने निघतात. कागद मंडळीकडून मिळतो. शाई आम्ही आणतो, आणि तिचा खर्च मंडळी दर पानामागे देते. हा दर ठरला तेव्हा काळ्या शाईचे नवे कार्ट्रिज ८०० रुपयांना मिळत होते व त्यात सुमारे २०० पाने निघत होती. म्हणजे पानाला ४ रुपये. खजिनदारांनी कागदावर मांडून पाहिले, आम्हीही पाहिले. त्या हिशेबात कोठेही खोट नव्हती.

आता ८०० रुपये ही लहान रक्कम नव्हे. आमचा प्रिंटर साडेतीन हजारांचा. चार-पाच कार्ट्रिजांत तेवढे पैसे जातात. शेजारी इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा राहतो. तो म्हणाला, "काका, हे फेकू नका. आतली शाई तेवढी संपलीय, बाकी सगळं ठीक आहे." त्याने कार्ट्रिजवरचे लेबल सोलून काढले. खाली बारीक भोके होती. आत स्पंज असतो व शाई त्या स्पंजात मुरलेली असते. बाजारातून १०० मिलिलिटर शाईची बाटली २०० रुपयांना आणली, औषधाच्या दुकानातून सिरिंज आणली, आणि त्याने सुई भोकातून स्पंजात घालून पाच मिलिलिटर शाई थेंबाथेंबाने सोडली. घाई केली तर शाई खालच्या तोंडातून गळू लागते. मग कोमट पाण्याने ओलावलेल्या टिश्यू कागदावर तोंड टेकवून काळा ठसा नीट उमटतो की नाही ते पाहिले, तांबूस पट्ट्या कोरड्या कापडाने पुसल्या, भोकावर चिकटपट्टी लावली आणि कार्ट्रिज जागेवर बसवले. प्रिंटर शाई संपल्याचेच सांगत राहिला, कारण डबी पुन्हा भरली हे त्याला कळत नाही. पण छपाई मात्र स्वच्छ आली.

आम्हांला झालेला आनंद काय सांगावा! एका भरणीला १० रुपयांची शाई. एकच काळजी घ्यावी लागते: डबी पूर्ण कोरडी होऊ देता कामा नये. या प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये शाई क्षणभर तापवून तिच्या बुडबुड्याच्या जोराने थेंब कागदावर उडवला जातो. आत शाईच नसेल तर तापणारा भाग स्वतःच जळून जातो. अशी सहा वेळा भरलेली डबी सातव्या खेपेस बाद झाली. म्हणजे ८६० रुपयांत सुमारे १,४०० पाने निघाली. वाया गेलेली शाई, सिरिंज, टिश्यू सर्व धरले तरी पानाला ७५ पैशांहून अधिक खर्च पडला नाही.

आठ महिने असे चालले. महिनाअखेरचा हिशेब आमची सातवीतली मुलगी सुवाच्य अक्षरात लिहून देते. एके दिवशी तिने लिहिता लिहिता विचारले, "पप्पा, शाई तर आपण घरीच भरतो ना? मग चार रुपये कसे?"

आम्ही म्हणालो, "दर ठरलेला आहे, बाळा."

तिने मान हलवली आणि १५० गुणिले ४ असे लिहून खाली ६०० मांडले. तिचे समाधान झाले असावे. आमचे झाले नाही.

सुरुवातीस आम्ही स्वतःला दुसऱ्याच प्रश्नात गुंतवून घेतले. आपण कार्ट्रिज भरतो हेच मुळात गैर आहे काय? कंपनीने एकदाच वापरण्यासाठी बनवलेली वस्तू पुन्हा पुन्हा वापरणे म्हणजे तिचा पैसा बुडवणे नव्हे काय? काही सज्जन वाचकांच्या मनातही ही शंका येत असेल, म्हणून तिचे उत्तर आधी देतो.

शाई आणि ती उडवणारे तोंड एकाच टाकाऊ डबीत बसवण्याची पद्धत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९८४ साली थिंकजेट नावाच्या प्रिंटरात आणली. बारीक भोके कालांतराने बुजतात. तेव्हा शाईबरोबर तोंडही नवे मिळावे, ही त्यातली सोय होती. पुढे धंद्याची रीत अशी पडली की, प्रिंटर स्वस्तात विकावा आणि नफा शाईवर काढावा. दाढीचे यंत्र स्वस्त व पाती महाग, तसाच हा प्रकार. यात कंपनीने एक अंदाज बांधलेला असतो की, गिऱ्हाईक पुन्हा आपल्याकडेच येईल. पण तो तिचा अंदाज आहे, आपण तिला दिलेले वचन नव्हे. पैसे मोजून घेतलेली वस्तू घरी दुरुस्त करणे, भरणे, पुन्हा वापरणे यात चोरी नाही. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व त्याच वर्षी डिसेंबरात त्या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. शिवाय टाकून दिलेले कार्ट्रिज हा साधा केरकचरा नव्हे. आपल्या देशाच्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजांचाही उल्लेख आहे. एक डबी सात वेळा वापरली तर सहा डब्या कचऱ्यात जायच्या वाचतात.

शाई स्वतः करून खर्च वाचवणे मराठी छपाईला नवे आहे असेही नाही. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम केलेले गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापाचे यंत्र पाहून तसे यंत्र स्वतः घडवले, शाईही स्वतःच तयार केली, आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. आज त्यांना कोणी चिक्कू म्हणत नाही. मराठी मुद्रणाचे एक आद्य पुरुष म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

कंपन्यांच्या बाजूनेही दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. एचपी कंपनीच्या काही प्रिंटरांनी सप्टेंबर २०१६ मध्ये परक्या चिपची कार्ट्रिजे एकाएकी नाकारली. गिऱ्हाइके संतापली. आपण ही गोष्ट लोकांना नीट कळवली नाही याबद्दल कंपनीने त्याच महिन्यात दिलगिरी व्यक्त केली व ते बंधन काढण्याचा मार्ग उपलब्ध करून देण्याचे कबूल केले. याउलट इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून शाईच्या टाक्या जोडून स्वस्त शाई वापरतात हे पाहून एप्सन कंपनीने २०१० साली तेथे बाटलीने भरता येईल अशा टाकीचाच प्रिंटर विकायला काढला. आज तसे प्रिंटर आपल्याकडेही घरोघर दिसतात. सामान्य माणसाची काटकसर कधी कधी मोठ्या धंद्यालाही शहाणपण शिकवते ती अशी.

मात्र एका ठिकाणी आम्हांला थांबावेसे वाटले. अमेरिकेत लेक्समार्क कंपनी लेझर प्रिंटरच्या टोनरची कार्ट्रिजे दोन प्रकारे विकत असे. एक पूर्ण किमतीला, विनाअट. दुसरे सुमारे २० टक्के सवलतीने, पण 'एकदाच वापरीन व रिकामे कंपनीलाच परत देईन' या अटीवर. दुसऱ्या एका लहान कंपनीने अशी रिकामी कार्ट्रिजे मिळवून, भरून विकली. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० मे २०१७ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, वस्तू एकदा विकली की तिच्यावरील पेटंटचा हक्क संपतो; अट घालून विकली असली तरी संपतो. परंतु खरेदी करणाऱ्याने कंपनीशी केलेला करार ही गोष्ट वेगळी आहे, हेही न्यायालयाने सांगितले. आम्हांला हा भेद फार मोलाचा वाटतो. पेटंटच्या कायद्याने मोकळे केले म्हणून दिलेल्या शब्दातूनही आपण मोकळे झालो असे नव्हे. सवलत खिशात घालायची व तिच्यासाठी दिलेला शब्द विसरायचा, याला काटकसर म्हणता येणार नाही. तीच गोष्ट दुरुस्तीच्या वेळी. बाहेरची शाई घालून प्रिंटर बिघडवायचा आणि 'आम्ही कधी भरलीच नाही' असे सांगून वॉरंटीत दुरुस्त करून घ्यायचा, किंवा भरलेली डबी नव्या खोक्यात घालून नवी म्हणून विकायची, हे उघड असत्य होय.

येथपर्यंत विचार केल्यावर आम्हांला बरे वाटले. आम्ही कोणाला असा शब्द दिला नव्हता, कोणाशी खोटे बोललो नव्हतो. पण हा सारा विचार करताना आपण मुलीच्या प्रश्नाला वळसा घालून गेलो, हेही लक्षात आले. तिने कंपनीविषयी काही विचारलेच नव्हते. तिने चार रुपयांविषयी विचारले होते.

गणपत कृष्णाजींनी शाई घरी केली तेव्हा धंदा त्यांचा, भांडवल त्यांचे आणि जोखीमही त्यांचीच होती. म्हणून वाचलेला पैसाही त्यांचाच होता. आमचे तसे नव्हते. शाईचा खर्च मंडळीचा होता, आणि तो वाचला तेव्हा फायदा मात्र आमच्या घरात आला. आठ महिन्यांत १,२०० पाने झाली. आम्ही घेतले ४,८०० रुपये, खर्च झाला ९००. मधले ३,९०० रुपये कोणाचे?

मनुष्याचे मन अशा वेळी किती चांगला वकील होते हे आम्ही स्वतःवरून पाहिले. पहिला युक्तिवाद असा की, दर सर्वांनी मिळून ठरवला होता. खरे, पण तो कार्ट्रिजच्या किमतीवरून ठरवला होता. किंमत बदलली हे एका पक्षाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, अशा स्थितीत जुना दर चालू ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या अज्ञानातून पैसा मिळवणे होय. दुसरा युक्तिवाद असा की, मेहनत आमची. बोटे आठवडा आठवडा काळी राहतात. हेही खरे. मेहनतीचा मोबदला मागण्यात कमीपणा नाही. पण मग तो उघड मागायला हवा होता. लोकांपुढे 'सेवा' म्हणायचे आणि हिशेबात गुपचूप मजुरी घ्यायची, हे दोन्ही एकदम चालत नाही. तिसरा असा की, प्रिंटर आमचा झिजतो. हा मुद्दा सर्वांत न्याय्य होता. पण त्याचा आकडा आम्ही एकट्याने, कोणाला न विचारता ठरवावा, हे न्याय्य नव्हते.

आणखी एक गोष्ट आठवली, आणि तिने उरलासुरला अभिमानही गेला. जुलैतल्या बक्षीस समारंभाची प्रशस्तिपत्रे आम्ही याच शाईने छापली होती. आमच्या प्रिंटरच्या मूळ काळ्या शाईत रंगद्रव्याचे बारीक कण असतात, ते कागदावर घट्ट बसतात. आमच्या बाटलीतली स्वस्त शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची होती. बेळगावचा पाऊस वाचकांना ठाऊक आहे. घरी पोहोचेपर्यंत आठ मुलांच्या हातात त्यांची नावे पसरून काळे डाग झाले होते. एका मुलीने ते प्रशस्तिपत्र इस्त्रीखाली धरून वाळवण्याचा प्रयत्न केला, असे तिच्या आईने सांगितले. आम्ही झेरॉक्सच्या दुकानातून ती आठही पुन्हा काढून आणली. पण मनात आले की, वाचवलेला पैसा आमच्याकडे आला आणि वाचवण्याची किंमत त्या मुलीने भरली. काटकसर करणाऱ्याने तिची झीजही स्वतः सोसावी, हा साधा न्याय आहे. रोजच्या कोड्यांच्या कागदाला स्वस्त शाई पुरे. मुलाने जपून ठेवायच्या कागदाला चांगलीच शाई हवी.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर आम्ही खजिनदारांना गाठले व सर्व सांगितले. ते मोठ्या मनाचे गृहस्थ आहेत. हसून म्हणाले, "असू दे की मास्तर. रात्री जागून तुम्ही कागद करता, त्याचे समजा. कोण विचारणार आहे?"

आम्ही हलक्या मनाने घरी आलो. आपण कबूल केले, त्यांनी सोडून दिले. विषय मिटला, असे वाटले. आठवडाभर तसेच वाटत राहिले. मग पुढच्या रविवारी वर्गात अर्पणाची पिशवी फिरली. पहिल्या बाकावरच्या एका लहान मुलाने रुमालाची गाठ दातांनी सोडवली, आतले दोन रुपयांचे नाणे काढले आणि ते पिशवीत टाकून हात खोलवर आत गेला की नाही ते पाहिले. शब्बाथ शाळेचा निधी या नाण्यांचा आहे. तेव्हा ध्यानात आले की, खजिनदारांनी आम्हांला जे सोडून दिले ते त्यांचे नव्हतेच. उदारपणा आपल्या खिशातून करावा. दुसऱ्याच्या निधीतून केलेला उदारपणा त्यांनाही बांधत नाही व आम्हांलाही सोडवत नाही. शिष्यांची डबी सांभाळणाऱ्या शिष्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो, तेव्हा त्याचा शेवट सांगतो. पण त्याची सुरुवात कदाचित अशीच, कोणी विचारणार नाही अशा लहान रकमांपासून, झाली असेल.

आम्ही लेखी हिशेब पंचकमिटीपुढे ठेवला: शाई, बाद झालेली डबी आणि प्रिंटरची झीज, सर्व वेगवेगळे. चर्चा झाली. एका सभासदांनी तर आमचीच बाजू घेतली व प्रिंटरची झीज आम्ही धरली त्याहून अधिक धरायला लावली. पानाला दीड रुपया हा दर ठरला. मागील १,२०० पानांनाही तोच लावावा असे आम्ही सुचवले, आणि ३,००० रुपये निधीत परत भरले. ही रक्कम एकदम देणे घरी जड गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. ती दोन हप्त्यांत दिली. कार्ट्रिजे मात्र आम्ही अजूनही घरीच भरतो, आणि तसे हिशेबाच्या कागदावर लिहितो.

हा प्रश्न शाईपुरता आहे असे वाचकांनी समजू नये. सभेला जाण्यासाठी रिक्षाचे भाडे मंजूर झाले आणि आपण बसने गेलो; सहलीच्या जेवणाचे पैसे गोळा केले आणि कोणी तरी तांदूळ फुकट दिले; स्त्रीमंडळाच्या चहासाठी दूध ओळखीने स्वस्त मिळाले. प्रत्येक ठिकाणी कोणी तरी काटकसर केली, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा पैसा उरला. तो वाचवणाऱ्याचे कौतुक जरूर व्हावे. पण वाचवणारा व मालक हे नेहमी एकच नसतात. पैसा वाचवणे हे कौशल्य आहे. तो कोणाचा आहे हे ओळखून त्याच्या हाती देणे, यात सचोटी आहे. पहिली गोष्ट आम्ही शेजारच्या मुलाकडून एका संध्याकाळी शिकलो. दुसरीला आठ महिने लागले.

पाच भाकरींच्या गोष्टीत सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले होते, हे शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना सांगायला नको. काहीही वाया जाऊ नये हा त्यातला धडा आपण नेहमी शिकवतो. यापुढे आम्ही मुलांना आणखी एक गोष्ट दाखवणार आहोत: ते तुकडे कोणा एकाच्या झोळीत गेले नाहीत, सर्वांच्या देखत टोपल्यांत गेले, आणि टोपल्या मोजल्या गेल्या.

गेल्या महिन्याचा हिशेब नेहमीप्रमाणे मुलीनेच लिहिला. १५० गुणिले दीड. खाली २२५ मांडून तिने कागद आमच्यापुढे सहीसाठी सरकवला. या वेळी तिने काही विचारले नाही, आणि आम्हांलाही सही करताना थांबावे लागले नाही.